स्वयंपाकघरातला तिसरा स्विच

सयाजीअण्णा कुणाच्या घरी गेले की काम काय आहे ते आधी विचारत नसत. आधी स्टूल मागत. मग हॉलमधला दिवा बंद करायला लावत, स्टुलावर चढत, बल्ब काढत आणि रिकाम्या होल्डरमध्ये टेस्टरचं टोक घालत. घरमालकीण खालून सांगत राही, "अण्णा, बिघडलाय तो मिक्सरचा प्लग! दिवा चांगला आहे!" अण्णांना ते ऐकू येत नसे. स्विच बंद असूनही टेस्टर पेटला, की स्टुलावरूनच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

"कुठल्या शहाण्यानं केलं हे? स्विच काळ्या वायरीत घातलाय बघा! तुम्हाला दिवा विझलेला दिसतोय, पण करंट इथं वर येऊन बसलाय. उद्या बल्ब बदलायला ओलं बोट घातलं म्हणजे?"

त्यांचा सगळा धर्म एवढाच होता. लाल वायर करंट आणते, काळी परत नेते. स्विचनं लाल तोडायची असते. काळी तोडली तरी दिवा विझतो, म्हणून बिनडोक माणसाला वाटतं की काम झालं. बेंगळूरच्या बसवनगुडी आणि गवीपूर भागांतल्या जुन्या घरांत असली कामं पोत्यानं होती आणि चाळीस वर्षं अण्णा ती शोधून शोधून सुधारत होते. सुधारून झालं की पुन्हा होल्डरला टेस्टर लावायचा, तो पेटला नाही की समाधानानं मान हलवायची आणि घरच्या माणसाला सांगायचं, "सरी, झालं ठीक. आता हात लावा. काही नाही त्यात."

मिक्सरचा प्लग त्यानंतर बघायचा. लोक त्यांना करंट सयाजण्णा म्हणत, तोंडावर आणि माघारीही. दोन्हीकडे मायेनंच म्हणत.

आणि या करंट सयाजण्णांच्या स्वतःच्या घरात, गवीपूरच्या गल्लीतल्या दुमजली घरात, एक स्विच परतीच्या वायरीत होता. तोही त्यांनीच घातलेला. छत्तीस वर्षं तो तसाच होता.

मोहिते मंडळी बेंगळूरची कधीपासूनची, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. शहाजीराजांच्या घोडदळाबरोबर आलो, असं वडील सांगायचे. घोडं पुढे गेलं कुठं, हे वडिलांना ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलत, दुकानात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. सयाजीअण्णा शाळेत रमले नाहीत, पण बिघडलेला रेडिओ त्यांच्या हातात दिला की दुपार कशी गेली ते कळत नसे. पुढे वायरमनचं लायसन काढलं. त्याच साली होसकोट्याच्या जाधवांची राजलक्ष्मी या घरात आली.

राजी बोलायला खणखणीत. आवाज असा की समोरच्या घरातली बाई तिच्या हाकेला ओ द्यायची. पण अण्णांनी वरच्या खोलीत पाण्याच्या मोटारींच्या तारा गुंडाळायचं आणि मिक्सर-ग्राइंडर दुरुस्तीचं काम मांडलं, आणि तिथं दिवसभर एवढी घरघर चाले की तो आवाजही वर पोचेना. कॉफी झाली की ती जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायची, मग वैतागून बावीस पायऱ्या चढायची. लेकीच्या, हर्षिताच्या वेळी सातवा महिना लागला तेव्हा एके दिवशी ती वर आली, दारात धापा टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "नोडी, हे बघा, आता मी वर येणार नाही. तुम्हाला कॉफी पाहिजे असेल तर वासावरून ओळखा."

अण्णांना हसू आलं आणि लाजही वाटली. त्या रविवारीच ते कामाला लागले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या बोर्डात तिसरी जागा रिकामी होती. तिथं स्विच बसवायचा आणि वर आपल्या बाकासमोर लाल झिरो बल्ब लावायचा, म्हणजे तिनं खाली बटण दाबलं की वर बल्ब पेटेल, एवढं सोपं काम. पण भिंतीतल्या पाइपात आधीच वायरी कोंबलेल्या. नव्या दोन वायरी काही केल्या जाईनात, एकच कशीबशी गेली. लाल संपलेली, काळी संपलेली. उरलेल्या बंडलातली हिरवी हाताला लागली. अण्णांनी बल्बला करंट वरच्याच खोलीतून थेट दिला आणि त्याची परतीची वायर, ती हिरवी, खाली ओट्यावरच्या स्विचमधून नेऊन जोडली. म्हणजे स्विच परतीच्या वाटेवर बसला. ज्यासाठी ते लोकांना स्टुलावरून शिव्या घालत, नेमकं तेच.

त्यांना त्या क्षणीही कळत होतं. "उद्या भिंत फोडून नीट करतो," ते म्हणाले.

राजीनं बटण दाबून पाहिलं. वर बल्ब पेटला. दुसऱ्या दिवशी दुसरं काम निघालं, तिसऱ्या दिवशी तिसरं, मग हर्षिताचा जन्म झाला. तो 'उद्या' काही उजाडला नाही.

बल्बाची भाषा राजीनंच ठरवली. दोनदा पेटला म्हणजे कॉफी झाली. तीनदा म्हणजे पानं घेतली आहेत. एकदा पेटून तसाच राहिला म्हणजे कुणीतरी आलंय, शर्ट घालून खाली या. आणि रागात असली की ती बटणावर बोट ठेवून असा धडाका लावायची की वरची सगळी खोली लाल-काळी व्हायची. अण्णांचं उत्तर एकच होतं. हातोडीच्या दांड्यानं जमिनीवर दोन ठोके. आलो, असा त्याचा अर्थ. खाली बरोबर ओट्यावर चुन्याचा पापुद्रा पडायचा आणि मग दोशाच्या पिठात चुना पडल्याबद्दल वेगळी बोलणी बसायची.

अशी तेहतीस-चौतीस वर्षं गेली. मोबाइल आले, दोघांच्या हातांत एकेक आला, तरी राजीनं कॉफीसाठी कधी फोन केला नाही. "फोन उचलून कानाला लावेपर्यंत कॉफी थंड होते," ती म्हणायची.

तिचा शेवटचा दिवस गुरुवार होता. सव्वाचारच्या आत बल्ब दोनदा पेटला. अण्णा मोटारीचं कॉइल गुंडाळत होते आणि कॉइल मध्येच सोडलं की वेढ्यांची मोजणी चुकते. त्यांनी ठोके दिले, पण उठले नाहीत. दहा मिनिटांनी खाली गेले तेव्हा कॉफीवर साय धरली होती. राजी पुटपुटली, कॉफी पुन्हा तापवली, दोघांनी प्यायली. रात्रीचं जेवण करायच्या आधीच तिच्या छातीत कळ आली आणि इस्पितळाच्या दारापर्यंतही ती पोचली नाही. अण्णांनी नंतर पुष्कळ दुःख केलं, पण मनात रुतून बसली ती ती दहा मिनिटं. कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीपायी त्यांनी ती घालवली होती.

हर्षिता म्हैसूरला नांदत होती. तिनं वडिलांना तिकडे नेण्याचा हट्ट केला, पण अण्णा हलले नाहीत. शेवटी तिनंच सुचवलं, खालचा मजला भाड्यानं द्या, निदान घरात माणसांचा वावर राहील. त्यासाठी खालच्या मजल्याला वेगळा मीटर बसला. आता त्या बल्बाचा करंट वरच्या मीटरवरून येणार आणि परत जाणार खालच्या मीटरवरून. म्हणजे खालच्या माणसानं आपलं मेन बंद केलं, तरी तिसऱ्या स्विचमागची हिरवी वायर वरच्या करंटवर जिवंतच राहणार. आपण सगळं बंद केलंय असं समजून कुणी तिथं हात घातला तर काय होईल, हे करंट सयाजण्णांना कुणी सांगायला नको होतं.

हिरवी वायर कापायला दोन मिनिटं लागली असती. पकड हातात घेऊन ते बोर्डापाशी उभेही राहिले होते. मग बोर्डाचं झाकण पुन्हा स्क्रूनं घट्ट केलं, त्यावरून हात फिरवला आणि वर निघून गेले. नाही कापवली.

भाडेकरू आले ते नागपूरचे. अजित आणि सुचेता. दोघंही कॉम्प्युटरवाले. आधी मारतहळ्ळीला चौदाव्या मजल्यावर राहत होते, तिथं शेजाऱ्याचं नावसुद्धा कळलं नाही म्हणून सुचेतानं हट्टानं इकडे घर शोधलं. ती सोमवार ते शुक्रवार घरून काम करायची. अजित रोज महादेवपुऱ्याला जायचा आणि परत येईपर्यंत त्याच्यात बोलायचं त्राण उरत नसे. अण्णा तिला 'सुचेताअक्का' म्हणत. पहिल्यांदा ऐकून ती खुदकन हसली होती. "काका, मी तुमच्या पोरीहूनही लहान आहे!"

"असू दे की. आमच्यात आदरानं तसंच म्हणतात."

ती राहायला आल्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. अण्णा बाकावर बसून एका जुन्या टेबलफॅनचं पोट उघडत होते. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. लाल बल्ब पेटला आणि विझला.

अण्णांच्या हातानं हातोडी उचलली, जमिनीवर दोन ठोके दिले, पाय चपलेत गेले आणि ते जिना उतरू लागले. अकराव्या-बाराव्या पायरीवर त्यांना आठवलं. मग ते तिथंच भिंतीला धरून खाली बसले. खालून सुचेताचा आवाज आला, "काका, वर काही पडलं का?"

"काही नाही अक्का," ते म्हणाले. "हातोडी पडली."

उलगडा साधाच होता. तिसऱ्या स्विचशेजारचा चौथा स्विच धूर ओढणाऱ्या पंख्याचा. सुचेता दुपारचा चहा ठेवताना, डोकं ऑफिसच्या कामात असल्यामुळे, रोज आधी तिसरा दाबायची. पंखा लागला नाही की तो बंद करायची आणि चौथा दाबायची. तिच्या लेखी तिसरा स्विच नुसता शोभेचा होता.

ती रोज चुकायची आणि अण्णा रोज वाट बघायचे. चारच्या आधी हात धुऊन, पाठीमागच्या खुंटीवरचा शर्ट अंगात चढवून ते बाकासमोर बसत. काम बाजूला ठेवत. बल्ब पेटेपर्यंत जीव थाऱ्यावर नसे आणि तो पेटला की ते डोळे मिटून घेत. डोळे मिटले की खाली राजी आहे, पदर खोचलेला आहे, दूध उतू जायच्या बेतात आहे. ठोके मात्र त्यांनी पुन्हा दिले नाहीत. मग ते स्वतःची कॉफी स्वतः करून घेत आणि थंड व्हायच्या आधी पीत. शनिवार-रविवारी ती दोघं बाहेर जात, तेव्हा बल्ब पेटत नसे. ते दोन दिवस अण्णांना जड जात. सोमवारची ओढ त्यांना शाळकरी वयात कधी लागली नव्हती, ती आता लागली.

चूक आपण करतो आहोत हे ते एक दिवसही विसरले नाहीत. दसरा झाला की कापतो, असं ठरवलं. मग संक्रांत झाली की, मग उगादीचा पाडवा झाला की. मधूनमधून काहीतरी निमित्त काढून ते खाली जात, बोर्डाचे स्क्रू आवळत आणि सुचेताला बजावत, "या बोर्डाला ओला हात लावायचा नाही हं. आणि काही बिघडलं तर मलाच हाक मारा, दुसऱ्या कुणाला नाही." तिला वाटायचं, म्हातारा किती काळजी करतो. अण्णा वर येऊन बाकावर बसत आणि स्वतःची शरम वाटून कामात डोकं घालत.

एकदा अजितनं सहज विचारलं होतं, "काका, तुम्ही गल्लीत सगळ्यांना ते शॉक लागला की आपोआप मेन पाडणारं यंत्र बसवायला लावता. आपल्या घरी नाही ते?"

ते यंत्र अण्णांनी आणून ठेवलं होतं, एक नाही, दोन, वरच्या आणि खालच्या मीटरसाठी. कपाटात डब्यातच होती. जेवढा करंट गेला तेवढाच परत येतो का, हे ते मोजतं, आणि कमी आला तर झटकन सगळं बंद करतं. या घरात बल्बाचा करंट एका मीटरनं जाऊन दुसऱ्यानं परतत होता. पहिल्यांदा बटण दाबल्याबरोबर दोन्ही यंत्रं पडली असती. "आणतो की," अण्णा म्हणाले. "स्वल्प दिवस जाऊ द्या."

उगादीही झाली. त्यानंतरच्या एका शनिवारी सकाळी अण्णा वर पेपर वाचत बसले होते, तेव्हा खालून धाडकन आवाज आला आणि पाठोपाठ सुचेताची किंकाळी. बावीस पायऱ्या ते कसे उतरले ते त्यांना नंतर आठवेना.

स्वयंपाकघरात अजित फ्रिजला टेकून जमिनीवर बसला होता. स्टूल आडवं, उजवा हात छातीशी धरलेला, बोटं थरथरत होती. ओट्यावरचा बोर्ड उघडा. शेजारी मोबाइलवरून चालणाऱ्या नव्या स्विचांचं खोकं, त्यानं सुचेताच्या वाढदिवसासाठी मागवलेलं.

"काका, मेन बंद केलं होतं मी," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "आईशप्पथ. सगळं बंद केलं होतं."

"हो काका, मीच पाहिलं," सुचेता रडत म्हणाली. "फ्रिज बंद, पंखे बंद, सारं बंद होतं. मग करंट आला कुठून?"

अण्णांनी आधी वर धाव घेतली, वरचं मेन पाडलं आणि पुन्हा खाली आले. ती दोघं त्यांच्याकडे बघत होती. घर जुनं आहे, उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील, असं म्हणायचा अवकाश होता. कुणालाही पटलं असतं. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी अजितच्या बोटांकडे पाहिलं.

"तुमचं काही चुकलं नाही, अजितण्णा," ते म्हणाले. "चूक माझी आहे. छत्तीस वर्षांची आहे. आधी डॉक्टरकडे चला, मग सांगतो."

डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, तास-दीड तास बसवून ठेवलं आणि सगळं ठीक आहे म्हणून घरी सोडलं. त्या वेळात अण्णा बाकड्यावर हात जोडून बसले होते. कुठल्या देवाला, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. हिरवी वायर, पाइप, सातवा महिना, दोनदा म्हणजे कॉफी. काही झाकलं नाही. अजित ऐकता ऐकता लाल झाला. "कमाल आहे काका! दुसऱ्यांच्या घरी जाऊन ओरडता ना तुम्ही? आणि आम्हाला इथं… सुचेता रोज हात लावून राहिली त्या बोर्डाला!"

"खरं आहे."

"काल तिनं तो बोर्ड उघडला असता तर?"

"खरं आहे," अण्णा पुन्हा म्हणाले. "तुम्ही घर सोडतो म्हणालात तरी माझं काही म्हणणं नाही. पोलिसात चला म्हटलं तरी मी येतो. मला कळत होतं, अजितण्णा. रोज कळत होतं. पण हात होईना. ती वायर कापली की राजी मला पुन्हा कधी बोलावणार नाही, असं वाटायचं. येडेपणा आहे. पण तसंच वाटायचं."

सुचेतानं डोळे पुसले.

"म्हणजे रोज चारला मी तुम्हाला बोलवत होते?"

"तुम्ही कुठं बोलवत होता, अक्का? तुम्ही पंखा लावत होता."

"तरी काका, कधी आले असते खाली. चहा तर होताच."

अजितचा राग गेला नव्हता, पण त्याची धार कमी झाली होती. तो नव्या स्विचांच्या खोक्याकडे बघत म्हणाला, "वायरलेस बेल मिळते काका. भिंत फोडायचं कामच नाही. खाली बटण, वर दिवा. पाहिजे तर लालच लावू."

"नको," अण्णा म्हणाले. "तिची खूण होती, तिच्याबरोबर जाऊ दे. तुम्हाला म्हातारा हवा असला तर हाक मारा. माझे कान आहेत अजून." मग थोडं थांबून, मान खाली घालून त्यांनी विचारलं, "कापायच्या आधी एकदा… दोनदा दाबाल, अक्का? बरोबर दोनदा?"

सुचेतानं अजितकडे पाहिलं. अजितनं होकाराची मान हलवली.

अण्णांनी बोर्डाचं झाकण आपल्या हातांनी बसवलं, चारही स्क्रू आवळले. ओट्यावरचं ओलं पुसून घेतलं. सुचेताला रबरी चपला घालायला लावल्या, हात कोरडे करायला लावले आणि ते खरंच कोरडे आहेत का ते बघितलं. मग वरचं मेन चालू करून ते आपल्या खोलीत गेले. हात धुतले. शर्टाची बटणं लावली. बाकासमोर बसले. चार वाजून दहा मिनिटं झाली.

बल्ब पेटला, विझला. पुन्हा पेटला, पुन्हा विझला.

अण्णांनी हातोडी उचलली आणि दांड्यानं जमिनीवर दोन ठोके दिले, पूर्वी देत तसे, जोरात. "आलो राजी," ते मोठ्यांदा म्हणाले. मग तसेच बसून राहिले आणि रडले. तिच्या दिवसकार्यालाही ते असे रडले नव्हते. खाली ओट्यावर चुन्याचा पापुद्रा पडला, तो सुचेतानं पुसला नाही. वर जाऊन बघावं असं अजितला वाटलं, पण तिनं त्याचा हात धरून ठेवला.

दहा मिनिटांनी अण्णा खाली आले. तोंड धुतलेलं होतं. हातात पकड, खिशात टेस्टर, काखेत ती दोन यंत्रं.

पुढचं काम त्यांनी एरवीच्याच सफाईनं केलं. दोन्ही मेनं पाडली. तिसरा स्विच काढला आणि त्या जागी कोरी पट्टी बसवली. वरून हिरवी वायर ओढली, ती आधी अडली आणि मग सरसर निघून आली, पाइपात इतकी वर्षं राहून ताठ झालेली. अण्णांनी तिचं पंजाभोवती वेटोळं केलं आणि शर्टाच्या खिशात घातलं. वरच्या होल्डरला करंट देणारी वायर मुळापासून तोडून तिचं टोक बंद केलं. दोन्ही मीटरांखाली यंत्रं बसवली आणि मेनं चालू केली. कुठलंच यंत्र पडलं नाही. अजितला त्यांनी खूण करून जवळ बोलावलं आणि यंत्रावरचं तपासणीचं बटण दाबून दाखवलं. खटकन सगळं घर बंद पडलं. "महिन्यातून एकदा दाबायचं. मी विसरलो तर तुम्ही," ते म्हणाले, आणि मेन पुन्हा चालू केलं.

शेवटचं काम वर होतं. सुचेता त्यांच्यामागून जिना चढली. सहासष्टाव्या वर्षी स्टुलावर एकट्यानं चढू देणार नाही म्हणाली. ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती. बाक, कॉइलची तार, खुंटी, भिंतीवरचा लाल बल्ब. तिनं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

अण्णांनी बल्ब फिरवून काढला. काचेवर धूळ होती, ती त्यांनी अंगठ्यानं पुसली आणि बल्ब तिच्या हातात दिला. मग टेस्टरचं टोक होल्डरमध्ये घातलं. छत्तीस वर्षांत इथं टेस्टर लावला असता तर तो दिवसा, रात्री, केव्हाही पेटला असता. बल्ब विझलेला असतानाही पेटला असता.

तो पेटला नाही.

त्यांनी टोक काढून पुन्हा घातलं. अंगठा नीट दाबून धरला. होल्डरच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहिलं. मग बाकाजवळच्या प्लगमध्ये घालून टेस्टर चालतोय ना, तेही पाहिलं. तिथं तो लगेच पेटला. ते पुन्हा स्टुलावर चढले आणि पुन्हा होल्डरला लावला. सुचेता स्टूल धरून उभी राहिली.

मग अण्णांनी टेस्टर खिशात ठेवला, हिरव्या वेटोळ्याशेजारी.

"सरी," ते म्हणाले. घरच्या माणसाला सांगायचं ते त्यांनी सांगितलं. "आता हात लावा, अक्का. काही नाही त्यात."